मोठ्या लेखकांचे सल्ले वाचून कथा सुधारते का? माझी तर पुढेच सरकेना

कोरीवही

दोन वर्षं झाली, मी कथा लिहायला शिकतेय. शिकवणारं कोणी जवळ नाही, म्हणून नावाजलेल्या लेखकांनी लेखनाबद्दल जे सांगून ठेवलंय ते वाचत गेले. नुसतं वाचलं नाही, वहीत उतरवून घेतलं. वही भरली. कथा मात्र त्या दोन वर्षांत एकही पुरी झाली नाही.

एकाचं ऐकावं तर दुसरा आडवा येतो. स्टीफन किंग म्हणतात, कथानक आधी आखू नका, माणसांना अडचणीत टाका आणि ती काय करतात ते बघत जा. जॉन आयर्व्हिंग शेवटचं वाक्य सापडल्याशिवाय कादंबरीला हातच घालत नाहीत. दोघांनीही उत्तम लिहिलंय. मग मी कोणाचं धरू?

माझ्या कथेतला एक तुकडा देते. घड्याळं दुरुस्त करणारे वडील आणि त्यांची मुलगी:

"बाबा चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. आता त्यांचे हात थरथरू लागले होते. आपल्याला पूर्वीसारखं काम जमत नाही या जाणिवेने त्यांना अतीव दुःख होत असे. त्यांचं ते असहाय रूप पाहून माझ्या काळजात चर्र झालं."

यात व्याकरणाची चूक नाही. पण वाचताना माझ्याच काळजात काही होत नाही. नेमकं काय चुकतंय?

समासातलीटीप

तुम्ही तुकडा दिलात ते फार बरं केलंत, आता नेमकं बोलता येईल. 'कोणाचं धरू' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. कथा आखून लिहायची की न आखता, हा तुमचा आजचा अडसर नाही. तुमचा अडसर या चार वाक्यांत आहे.

मे 1886 मध्ये रशियन कथाकार चेखॉव्हने आपल्या थोरल्या भावाला, अलेक्झांडरला, एक पत्र लिहिलं. भाऊही कथा लिहायचा. पत्राचा मथितार्थ असा: चांदण्या रात्रीचं ठरावीक वर्णन करू नकोस. बंधाऱ्यावर फुटक्या बाटलीची काच चांदणीसारखी चमकली आणि कुत्र्याची की लांडग्याची काळी सावली गडगडत गेली, एवढं लिहिलंस की चांदणी रात्र उभी राहते. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच पत्रात पुढे तो माणसाच्या मनाबद्दलही तेच सांगतो. पात्राच्या मनाची अवस्था वर्णन करायचं शक्यतो टाळ, ती त्याच्या कृतीतून कळू दे.

आता तुमचा तुकडा बघा. 'अतीव दुःख', 'असहाय रूप', 'काळजात चर्र'. तिन्ही ठिकाणी भावनेचं नाव आहे, बाबा मात्र कुठेच दिसत नाहीत. ते कुठे बसलेत? हातात काय आहे? हात थरथरला तेव्हा नेमकं काय निसटलं? मुलीने ते पाहिलं हे त्यांना कळलं का? मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा शेवटचा प्रश्न. हात थरथरण्यापेक्षा ते कोणीतरी पाहणं माणसाला जास्त लागतं.

आणि हो, चेखॉव्हची गंमत पुढेच आहे. दहा वर्षांनी, 1896 मध्ये, त्याचं 'सीगल' नाटक रंगमंचावर आलं. त्यात ट्रेप्लेव्ह नावाचा तरुण लेखक स्वतःच्या लिखाणावर चडफडत असतो. प्रस्थापित लेखक त्रिगोरिनला सगळं सोपं जातं, कारण त्याची पद्धत बसलेली आहे, असं त्याला वाटतं. दाखला काय देतो? बंधाऱ्यावर चमकणारा बाटलीचा गळा आणि पाणचक्कीच्या चाकाची सावली! म्हणजे चेखॉव्हने स्वतःचाच सल्ला एका अडलेल्या लेखकाच्या तोंडी घातला. बाटलीची काच उचलून आपल्या कथेत ठेवली की ती नुसती युक्ती उरते. बाबांच्या टेबलावर काय चमकतं, ते तुम्हालाच शोधावं लागेल.

फिरूनपहिलं

मी उलट सांगेन. वही मिटा आणि लिहीत सुटा. इतके नियम डोक्यात घेऊन पहिला खर्डा होत नाही, प्रत्येक वाक्याआधी पेन अडखळतं. मी स्वतः वर्षभर असा अडकलो होतो.

समासातलीटीप

पहिल्या खर्ड्यापुरतं अगदी मान्य. पण दुसऱ्या खर्ड्याला काय करणार? तिथे डोळस कोणीतरी लागतंच. फक्त एक लक्षात ठेवावं, प्रत्येक सल्ला मुळात कोणाला तरी दिलेला असतो. किंग शाळेत असताना त्यांची एक कथा साभार परत आली. सोबत संपादकाने हाताने लिहिलं होतं की कथा फुगलीय, दुसरा खर्डा म्हणजे पहिला खर्डा वजा 10 टक्के. किंगना ते आयुष्यभर पुरलं, कारण ते पसरट लिहायचे. कोरीवहींचं लिखाण पसरट नाही, उलट त्यात जे असायला हवं तेच नाही. त्यांनी 10 टक्के कापले तर उरेल काय?

जुनीशाई

आपला दोष आपल्याला कळावा यासाठी एक सराव सांगतो, मला त्याचा खरोखर उपयोग झाला. बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात लिहिलाय. आवडत्या लेखातल्या प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपायचा. काही दिवस तो कागद बाजूला ठेवायचा. मग मूळ न बघता टिपणांवरून अख्खा लेख स्वतःच्या शब्दांत उभा करायचा आणि मूळ लेखाशी ताडून बघायचा. फ्रँकलिनला त्यातून कळलं की आपला शब्दसाठा तोकडा आहे. मला कळलं की मी प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी त्याचा अर्थ समजावून सांगतो. मूळ लेखक जिथे गप्प बसला होता, तिथे मी बोलत होतो. ही गोष्ट मला कुठल्याही सल्ल्यातून कळली नसती.

कथेचं एकच पान घ्या. जास्त घेतलं तर टिपणं गोष्टीचा सारांश होऊन बसतात.

कोरीवही

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस त्या एकाच तुकड्यावर बसले. 'मुलीने पाहिलं हे त्यांना कळलं का' या प्रश्नाने झोप उडवली. आता असं झालंय:

"बाबांनी स्क्रू चिमट्यात धरला. भोकाशी नेला, बाजूला घेतला, परत नेला. तिसऱ्यांदा तो निसटून काचेवर टणकन वाजला. त्यांनी चिमटा माझ्यापुढे केला. 'जरा बघ तुला जमतंय का, मी दिवा लावतो,' म्हणाले आणि उठले. दिवा लागलेलाच होता. त्यांना मनातून फार लाज वाटली असावी."

समासातलीटीप

दिव्याचं वाक्य वाचून मी थांबलो. शेवटचं वाक्य काढा.

जुनीशाई

मीही तेच लिहिणार होतो. टणकन राहू दे.

कोरीवही

काढलं. आता मुलगी तो स्क्रू बसवते की मुद्दाम पाडते, हे लिहायला बसते.