विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात, त्यातून क्लोरोफॉर्म बनतं का? मदत हवी आहे

मंडळी, जाणकारांनी जरा सांगा. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, विहीर सार्वजनिक, कठड्याला लागूनच फणस आणि आंबा. पहिला पाऊस झाला की पाण्यावर पाचोळ्याचा थर, पाणी पार कोऱ्या चहासारखं. मग संध्याकाळी पंचायतीचा माणूस येतो, बादलीत टीसीएल कालवतो, चुना खाली बसला की वरचं निवळलेलं पाणी विहिरीत ओततो आणि कळशी वरखाली करून ढवळतो. सकाळी ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून बघतात ती) पिवळी आली की झालं काम. आता नेटवर वाचलं की क्लोरीन आणि कुजक्या पानांतलं ह्युमिक आम्ल एकत्र आलं की ट्रायहॅलोमिथेन म्हणजे क्लोरोफॉर्म वगैरे बनतं, १९७४ साली रॉटरडॅमच्या रूक नावाच्या केमिस्टने हे दाखवलं म्हणे, आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कॅन्सरची भीती. सासूबाई आधीच "औषधाच्या पाण्याचा भात गिळवत नाही" म्हणून झऱ्याचं पाणी आणतात, त्यांना हे कळलं तर संपलंच. घरात लहान मूल आहे. उकळून हे जातं का, कार्बनचा साधा फिल्टर चालेल का, की टीसीएल बंदच करायला सांगू?

प्रतिसाद १: बंद अजिबात नको! कावीळ, गॅस्ट्रो चार दिवसांत आडवं करतात, हे क्लोरोफॉर्मचं आयुष्यभराच्या हिशोबातलं प्रकरण आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे, डब्ल्यूएचओची ०.३, अमेरिकेत मात्र चारही ट्रायहॅलोमिथेन मिळून ०.०८. खरा उपाय पाचोळ्यावर करा, विहिरीवर जाळी टाका, आधी गाळ काढा, मग औषध. आणि डोस मोजून, हजार लिटरला साधारण २.५ ग्रॅम चांगली पावडर, मूठ मूठ नव्हे. पाणी गढूळ असलं की क्लोरीन तिथेच खर्च होतो म्हणून लोक आणखी ओततात, तिथेच घोळ होतो.

प्रतिसाद २: झाकण काढून चांगलं उकळा, क्लोरोफॉर्म बराचसा उडून जातो. हॅलोअ‍ॅसेटिक आम्लं म्हणून त्याची भावंडं आहेत, तशीच क्लोरीनमुळे बनणारी, ती मात्र वाफेबरोबर जात नाहीत. कार्बन फिल्टर चालतो पण कार्ट्रिज वेळेवर बदला, आणि त्यातून क्लोरीनही निघून जातो तेव्हा ते पाणी झाकून ठेवा, शिळं करू नका. सासूबाईंना नको वाटतो तो औषधाचा वास क्लोरीनचा हो, क्लोरोफॉर्मचा नाही. झऱ्याचं पाणी पावसाळ्यात न उकळता बाळाला देऊ नका, सासूबाई काहीही म्हणोत.

धागाकर्ती: धन्यवाद दोघांनाही, जाळीचं ग्रामसभेत काढते. अजून एक, टीसीएलचं पोतं पंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलेलं असतं, त्याने काही बिघडतं का?

प्रतिसाद १: बिघडतं म्हणजे काय, दमट हवेत क्लोरीन उडून जातो, ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास असतो तो. मग तोच डोस टाकून ओटी पिवळी येत नाही आणि माणूस दुप्पट ओततो. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, अंधारात, कोरड्या जागी ठेवायला सांगा.