पुण्यात रिअल इस्टेट एजंटचं काम सुरू करायचंय, आधी काय करू?

धायरीकरीण

नमस्कार. मी धायरीत राहते, वय ४१. बारा वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर होते. लॅब दुसऱ्यांनी घेतली आणि आम्हा चौघींचं काम गेलं. गेल्या वर्षभरात आमच्या सोसायटीतले तीन फ्लॅट मी नुसत्या ओळखीतून भाड्याने लावून दिले, पैसे घेतले नाहीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं हेच काम कर की. तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

महारेराची (राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाची) नोंदणी आधी करू की काम आधी सुरू करू? भाड्यापासून सुरुवात करू की बिल्डरची चॅनेल पार्टनर, म्हणजे त्याचे नवे फ्लॅट कमिशनवर विकून देणारी, होऊ? हातात सव्वा लाख आहेत आणि मुलगी दहावीला आहे, त्यामुळे चुकून चालणार नाही. सासरे म्हणतात, दलाली आपल्या घरात कुणी केली नाही. रागाने नाही, काळजीने म्हणतात. त्यांना काय सांगू?

वारजे_रीसेल

ताई, सतरा वर्षं या धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नुसत्या भाड्याच्या कामाला महारेराची नोंदणी लागत नाही. ती लागते महारेरात नोंदवलेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायला. तिथे नोंदणीशिवाय काम केलं तर दिवसाला १०,००० रुपये दंड आहे आणि तो वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीआधी २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा पास होणंही सक्तीचं आहे. व्यक्तीसाठी नोंदणीची फी १०,००० रुपये, मुदत पाच वर्षं. म्हणजे आज भाड्याचं काम सुरू करा, संध्याकाळी अभ्यास करा, परीक्षा झाली की नोंदणी करून टाका.

चॅनेल पार्टनरकडे लगेच धावू नका. बिल्डरचं ब्रोकरेज टक्क्यांत मोठं दिसतं, पण ग्राहकाचं कर्ज मंजूर होऊन करारनामा नोंदला गेल्यावरही ते हातात यायला महिने लागतात. तुमच्या सव्वा लाखाला ते झेपणार नाही. भाड्यात पैसे कमी, पण चावी दिली त्याच आठवड्यात मिळतात.

आणि भाग एकच धरा. धायरी तुमची आहे, तर धायरी आणि फार तर नऱ्हे, नांदेड गाव. या पट्ट्यात पायी फिरा आणि वहीत इमारतवार लिहा: पाणी महापालिकेचं की टँकरचं, लिफ्ट किती, मेंटेनन्स किती, बॅचलर चालतात का, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आहे का. धायरी महापालिकेत आली २०१७ साली आणि नऱ्हे, नांदेड २०२१ साली. त्याआधीच्या कित्येक इमारती ग्रामपंचायतीच्या कागदावर उभ्या आहेत. अशा फ्लॅटला बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत. ग्राहकाला हे पहिल्या भेटीत सांगणारा एजंट या भागात मिळत नाही. तो तुम्ही व्हा.

रीसेलला, म्हणजे जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीला, हात घालाल तेव्हा माझी चूक करू नका. २०१६ ची गोष्ट. कर्वेनगरला टू बीएचके, वडील वारलेले, मुलगा विकायला निघालेला. सोसायटीत नॉमिनी म्हणून त्याचंच नाव, म्हणून मी त्याला मालक धरून चाललो. ग्राहकाने पन्नास हजार बयाणा दिला, विसार पावती साध्या कागदावर केली. आठव्या दिवशी नाशिकहून बहिणीचा फोन आला, मी सही देणार नाही म्हणून. पैसे तोवर मुलाने खर्च केले होते. ग्राहक माझ्या शब्दावर आलेला होता. ते पन्नास हजार मी सात महिने हप्त्याने फेडले. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सगळ्या वारसांची संमती लागते, हे मी तेव्हा शिकलो. आता इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), आधीच्या खरेदीखतांची साखळी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचा ना-हरकत दाखला बघितल्याशिवाय मी कुणाला टोकनचा, म्हणजे बयाण्याचा, चेक काढू देत नाही. चेक मालकाच्याच नावाने. स्वतःच्या खात्यात ग्राहकाचं टोकन कधीही घेऊ नका.

बाणेरची_मी

वरच्या दादांशी सहमत. बाईमाणूस म्हणून दोन गोष्टी सांगते. रिकामा फ्लॅट दाखवायला दिवसाउजेडी जा, येणाऱ्याचं नाव आणि नंबर गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहायला लावा, घरच्या कुणालातरी लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवा. दार उघडंच ठेवायचं. मी नऊ वर्षं हेच करते.

दुसरं, भाडेकरार स्वतः शिकून घ्या. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, साध्या स्टॅम्पपेपरवर भागत नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि अंगठा घेऊन घरबसल्या होतो. ही सेवा नीट दिलीत तर अकरा महिन्यांनी मालक नूतनीकरणासाठी तुम्हालाच फोन करेल. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरायची असते, तीही मालकाला भरून द्या. वयस्कर मालकांना याचं फार बरं वाटतं.

पितृपक्षात मात्र विक्रीचे ग्राहक जवळजवळ थांबतात. त्या पंधरवड्याचा घरखर्च आधीच बाजूला काढून ठेवा.

खराडी_सीपी

मी तीन वर्षं चॅनेल पार्टनर आहे. एका बिल्डरकडे माझे दोन सौद्यांचे पैसे अकरा महिने अडकले होते, सेल्स मॅनेजर बदलला की नवीन माणूस म्हणतो, नोंद दिसत नाही. ग्राहकाला साइटवर नेण्याआधी त्याचं नाव बिल्डरला ईमेलने कळवा, फोनवर नाही. ब्रोकरेजवर टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो, तो आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या नावावर दिसतो का बघत राहा.

वारजे_रीसेल

सासऱ्यांचं राहिलं. त्यांना शेजारी बसवून महारेराच्या साइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी दाखवा. परीक्षा द्यावी लागते, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात, चुकीची माहिती देऊन फसवलं तर नोंदणी रद्द होते, हे त्यांना वाचू द्या. आणि ताई, वर्षभर ब्रोकरेज जेवढं ठरलं तेवढंच घ्या. गल्लीत नाव झालं की सासरे स्वतःच लोकांना सांगत फिरतील.

धायरीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी वही घेऊन बाहेर पडले, सहा इमारती झाल्या. दोन ठिकाणी वॉचमननीच मालकांचे नंबर दिले.

एक अडचण आली. एका मालकाने चावी दिली, पण ब्रोकरेजचं विचारलं तर म्हणाले, बघू, आपलंच घर आहे. आता काय करू?

बाणेरची_मी

चावी घेतलीत त्याच दिवशी व्हॉट्सअॅप करा. मी असं पाठवते: 'काका, आज तुमच्या फ्लॅटची चावी माझ्याकडे घेतली आहे. माझ्यामार्फत भाडेकरू आल्यास माझं ब्रोकरेज पंधरा दिवसांचं भाडं, करार नोंदवल्याच्या दिवशी. कराराचा खर्च वेगळा. चालेल ना?' त्यांचं 'हो' आल्याशिवाय कुणालाही फ्लॅट दाखवायला नेऊ नका. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर चावी परत करून या, गोड बोलून.