मदत हवी आहे - भा. रा. भागवतांवर मुलांसाठी कार्यक्रम (ठाणे)

नमस्कार मंडळी, ३१ मे हा बालसाहित्यिक भा. रा. भागवतांचा जन्मदिवस (१९१०चा), त्या दिवशी आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत मुलांसाठी छोटासा कार्यक्रम करायचाय. मुलं आठ ते बारा वयाची, बहुतेक इंग्लिश मीडियमची, मराठी बोलतात फाडफाड पण वाचायला सांगितलं की अडखळतात. परवा मी त्यांना भागवतांचा फास्टर फेणे थोडा वाचून दाखवला, तर फुरसुंगीच्या त्या हडकुळ्या बनेश फेणेचं 'ट्टॉक' आलं आणि सगळी पोरं जीभ टाळूला लावून तेच करत बसली, पुढचं पान उलटूच देईनात! खूप बरं वाटलं हो.

पण मला फक्त फेणेवर थांबायचं नाहीये. फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत पोचवला तो भागवतांनी, 'बालमित्र' मासिक चालवलं, पत्नी लीलावतीबाई स्वतः बालसाहित्यिक, हे सगळं मुलांना कळायला हवं असं मनापासून वाटतं.

तर विचारायचं असं की 'बालमित्र'चे जुने अंक कोणाकडे आहेत का, किंवा ठाण्यात कुठल्या लायब्ररीत बघायला मिळतील? फोटो काढू दिले तरी चालेल, अंक घरी नेणार नाही. आणि मुलांनी मोठ्याने वाचायला फेणेची कुठली गोष्ट सोपी पडेल, जोडाक्षरं कमी असलेली? भागवतांना प्रत्यक्ष भेटलेलं कोणी ठाणे-मुलुंडकडे असेल आणि अर्धा तास बोलायला येणार असेल तर प्लीज मेसेज करा, न्यायला-सोडायला आम्ही येऊ.