विषय: पिकअपचा एसी ब्लोअर १, २, ३ वर बंद, फक्त ४ वर चालतो

नमस्कार मंडळी,

गाड्यांमधलं कोणाला कळत असेल तर जरा मदत हवी होती. माझ्या पिकअप ट्रकचा ब्लोअर आधी नुसता १ वर चालेनासा झाला, मी म्हटलं जाऊ दे, २ वर ठेवू, आणि आता १, २, ३ तिन्हीवर काहीच नाही, ४ वर नेला की एकदम पूर्ण जोरात सुरू. हवा थंड येतेय, म्हणजे गॅसचा प्रश्न नाहीये. गॅरेजवाला म्हणाला मोटर गेली, बदलायला लागेल, पण मोटर गेली असती तर ४ वर तरी कशी फिरली असती? मुलं मागे बसतात आणि ४ वर इतका आवाज होतो की त्यांचं बोलणं ऐकू येत नाही. आधी काय बघू?

-----

> मोटर गेली असती तर ४ वर तरी कशी फिरली असती?

अगदी बरोबर प्रश्न विचारलास. तुझा रेझिस्टर गेलाय, ब्लोअर मोटर रेझिस्टर म्हणून माग. कमी स्पीडला मोटरला जाणारा करंट तारेच्या छोट्या कॉइल्समधून फिरून जातो, १ वर सगळ्या कॉइल्स, २ वर एक कमी, ३ वर अजून एक कमी, आणि ४ वर रेझिस्टर पूर्ण बाजूला ठेवून मोटरला थेट १२ व्होल्ट मिळतात. म्हणून रेझिस्टर मेला तरी ४ जिवंत राहतो. तुझा आधी १ गेला म्हणजे फक्त १ ला लागणारी कॉइल तुटली होती, आणि नंतर बहुतेक त्याच्यावरचा थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की तुटणारा फ्यूज, उडाला, तो उडाला की खालचे सगळे स्पीड एकदम जातात.

बहुतेक पिकअपमध्ये तो पॅसेंजरच्या बाजूला ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, ब्लोअरच्या डब्यावरच दोन स्क्रूने बसवलेला असतो. इंजिन बंद कर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, आणि ब्लोअर नुकताच चालू असेल तर थोडं थांब, कॉइल्स भाजतात. बाहेर काढल्यावर मल्टिमीटर ओहमवर ठेवून टर्मिनल्स तपास, कॉइल चांगली असेल तर अगदी कमी, काही ओहमच्या आतलं रीडिंग येईल, तुटली असेल तर काहीच दाखवणार नाही.

पण नुसता रेझिस्टर बदलून थांबू नकोस हं, मी हेच केलं होतं आणि चार महिन्यांत नवीनही जळाला. तो का जळला ते बघ. त्याला ब्लोअरच्याच डब्यात बसवतात कारण त्याच हवेने त्याला गार राहायचं असतं, केबिन फिल्टर चोंदला किंवा पानं अडकली की तो तापत राहतो. आणि दुसरं, मोटर जड फिरत असेल तर जास्त करंट ओढते. समज अर्ध्या ओहमच्या कॉइलमधून ८ अँपिअर जातात, तर ३२ वॉट उष्णता होते, पण तेच १२ अँपिअर झाले तर ७२ वॉट. करंट दीडपट, उष्णता सव्वादोनपट.

-----

दादांनी सांगितलंय ते सगळं बरोबर, मी फक्त थोडी भर घालते, कारण आमच्या ट्रकला उलटं झालं होतं, १ ते ३ चालायचे आणि ४ वरच बंद. तेव्हा रेझिस्टर नाही, हाय स्पीडचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) किंवा त्याचा वेगळा फ्यूज बघायचा. आणि कोणाचा १ आणि ३ चालतो पण मधला २ च चालत नाही असं असेल तर कॉइल्सवर शंका घेऊ नका, कारण १ चा करंट त्याच कॉइल्समधून जातो, तिथे नॉबच्या मागचा स्विच किंवा वायरचं टर्मिनल जळालेलं असतं, नॉब हलवला की मध्येच लागतो मध्येच जातो. ज्यांच्या गाडीत डिग्री सेट करायचा ऑटो एसी आहे त्यांच्यात बहुतेक वेळा कॉइल्स नसतात, इलेक्ट्रॉनिक मोड्यूल असतं, त्याला ही ओहमची टेस्ट लावू नका.

आणि रेझिस्टरचा प्लग नीट बघ रे, प्लास्टिक तपकिरी झालंय का, पिन सैल झाल्यात का. तसाच जळका प्लग नव्या रेझिस्टरला लावलास तर तोही वितळेल.

-----

दादा, ताई, खूप आभार. ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबून खाली सोडला, रेझिस्टर मिळाला, एक कॉइल मधेच तुटलेली, दोन टर्मिनल्सवर मीटर काहीच दाखवत नाही. आणि ताई, प्लगच्या एका पिनभोवती प्लास्टिक वितळून वायरला चिकटलंय! मोटर खाली काढली तर पंख्यात मूठभर सुकी पानं, ती काढली तरी हाताने फिरवून सोडला की पंखा लगेच थांबतो, खरखर पण येते. करंट मोजू का? मल्टिमीटरवर १० अँपिअरचं एक भोक आहे.

-----

थांब, त्या भोकात अजिबात लावू नकोस, ब्लोअर जोरात असताना १० च्या वर सहज जातो, मीटरचा फ्यूज उडेल. क्लँप मीटर, म्हणजे वायरभोवती पकडून करंट मोजणारा, कोणाकडे असेल तर घे, पण डीसी म्हणजे बॅटरीचा करंट मोजणारा हवा, नुसता घरातल्या विजेचा एसी करंट मोजणारा तो दाखवत नाही. खरं तर आता मोजायची गरजही नाही, चांगली मोटर हाताने फिरवली की थोडा वेळ आपोआप फिरत राहते. तुझी बेअरिंग गेलीय. गॅरेजवाला मोटर बदला म्हणाला ते चूक नव्हतं, पण नुसती मोटर बदलली असती तरी १, २, ३ आले नसते. मोटर, रेझिस्टर आणि वायरसकट नवीन प्लग, तिन्ही एकदम घाल. वायरला वायर जोडताना जुन्याइतकीच जाड वायर घे आणि पीळ मारून टेप लावू नकोस, क्रिंप (धातूची नळी दाबून जोड) किंवा सोल्डर कर.

-----

झालं! १, २, ३, ४ चारही चालू, २ वर मागून मुलांचं भांडण स्पष्ट ऐकू येतंय. फिल्टर पण काढला, करडा झाला होता, नवीन घातला. दादा, अजून काही बघायचं राहिलंय का?

-----

छान झालं रे. महिनाभराने एकदा अर्धा तास ३ वर चालवून मग बंद करून प्लगला हात लाव. कोमट असेल तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर लगेच इथे लिही.