आण्णांच्या हृदयासाठी एक्झोसोमची सलाईन द्यावी का? शनिवारपर्यंत ठरवायचे आहे

गोदाकाठ (गंगाखेड) | बुधवार, रात्री ९.४०

आण्णांची अँजिओप्लास्टी छत्रपती संभाजीनगरला झाली आणि एक स्टेंट बसवला. गेल्या आठवड्यात रक्त तपासले, तेव्हा सीआरपी (शरीरात कोठेही सूज असली की रक्तात वाढणारे प्रथिन) १८ आला. एका खाजगी केंद्राने तो अहवाल पाहून सांगितले की हृदयाच्या वाहिन्यांत सूज आहे आणि ब्लॉकेज पुन्हा होऊ शकते. नाळेच्या पेशींपासून मिळवलेले एक्झोसोम शिरेतून तीन वेळा दिले, की ते पेशी-पेशींना निरोप देऊन सूज थांबवतात, असे त्यांचे म्हणणे आहे. खर्च १ लाख ८० हजार रुपये असून निम्मी रक्कम शनिवारी भरायची आहे. सोयाबीनचे पैसे हातात आहेत, पण ते रब्बीसाठी ठेवलेले आहेत. एक्झोसोममुळे हृदयाची सूज कमी होते की नाही, एवढेच मला हवे आहे. कृपया "डॉक्टरांना विचारा" एवढेच लिहून थांबू नये.

विद्यार्थी_नांदेड | रात्री १०.०५

दादा, मी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करत आहे आणि माझा सेमिनार याच विषयावर होता, म्हणून लिहितो. आपल्या जवळजवळ सर्व पेशी पटलात गुंडाळलेल्या अतिसूक्ष्म पुटिका (पिशव्या) बाहेर सोडत असतात. त्यांपैकी एक्झोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटर आकाराचे असतात. १९८३ मध्ये माँट्रियल आणि सेंट लुईस येथील दोन गटांनी अपक्व तांबड्या पेशींत ही प्रक्रिया पाहिली, तेव्हा पेशी नको असलेला माल बाहेर टाकत असावी, असे समजले गेले. २००७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले की या पुटिकांतून आरएनए (पेशीतील सूचना वाहून नेणारा रेणू) एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातो आणि तेथे कामही करतो. तेव्हापासून यांच्याकडे कचरा म्हणून न पाहता सांगावा म्हणून पाहिले जाऊ लागले. हृदयाच्या पेशींपासून मिळवलेल्या एक्झोसोममुळे प्राण्यांमध्ये झटक्यानंतरचा व्रण लहान झाल्याचे प्रयोग आहेत, त्यामुळे या उपचारामागे विज्ञान नाही असे म्हणता येणार नाही.

मांजरातीर (अंबाजोगाई) | रात्री १०.३०

मी फिजिशियन आहे. उत्तर देण्याआधी मला काही गोष्टी कळल्या पाहिजेत. आण्णांचे वय किती आहे? स्टेंट झटका आल्यावर बसवला की त्याआधी? त्याला किती दिवस झाले? टू-डी इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता किती आहे? सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? मधुमेह किंवा तंबाखू आहे का? आणि सीआरपी तपासला त्या आठवड्यात ताप, खोकला, जखम, दुखणे असे काही होते का?

अर्जुनसाल | रात्री १०.४८

माझ्या चुलत्यांना तीन ब्लॉकेज होते. अर्जुनाच्या सालीचा दुधातील काढा नियमाने घेऊन ते आज शेतात जातात. एवढा पैसा सुईवर घालण्यापेक्षा हा उपाय करून पाहावा, त्याने अपाय होत नाही.

मांजरातीर | रात्री १०.५५

आपल्या चुलत्यांची प्रकृती चांगली आहे याचा मला आनंद आहे. मात्र ज्याच्या हृदयाच्या रोहिणीत (धमनीत) नवा स्टेंट आहे आणि ज्याला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असाव्यात, त्याला "अपाय होत नाही" असे न पाहता सांगू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अर्जुनसाल | रात्री ११.०२

गोळ्या बंद करा असे मी कोठेही लिहिलेले नाही. प्रत्येक वेळी आमच्या औषधालाच पुरावा मागितला जातो आणि लाखाच्या सलाईनला मागितला जात नाही, हे योग्य नाही.

मांजरातीर | रात्री ११.३५

पुरावा दोन्हीकडे मागितलाच पाहिजे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. म्हणून सलाईनकडेच येतो.

विद्यार्थ्याने लिहिलेले खरे आहे, पण अर्धे आहे. पुटिका स्वतः चांगली किंवा वाईट नसते. सांगावा कोणी आणि कोणत्या अवस्थेत धाडला, यावर सगळे अवलंबून असते. रक्तप्रवाह सुरळीत असलेल्या वाहिनीच्या अस्तरपेशी अशा पुटिका सोडतात की त्यांतील सूक्ष्म आरएनएमुळे शेजारच्या स्नायुपेशी शांत राहतात. त्याच अस्तरपेशी धुराने, वाढलेल्या साखरेने किंवा उच्च रक्तदाबाने दुखावल्या, की त्यांच्या पुटिका पांढऱ्या पेशींना तेथे बोलावून घेतात आणि दाह वाढवतात. रक्तातील बिंबिकांपासून (प्लेटलेट्सपासून) सुटलेल्या पुटिकांच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट स्निग्ध पदार्थ उघडा पडलेला असतो आणि त्यावर रक्त गोठण्याची साखळी वेगाने पुढे सरकते. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी याच कणांना "बिंबिकांची धूळ" म्हटले होते. वाहिनीच्या भिंतीतील चरबीच्या थरात मरणाऱ्या पेशींच्या पुटिका गुठळीला चालना देणारे प्रथिन बाळगून असतात. स्नायुपेशींच्या काही पुटिकांभोवती कॅल्शियमचे कण जमू लागतात आणि त्या थराला ठिसूळपणा येतो. झटक्यानंतर तर अस्तरपेशींच्या पुटिका प्लीहेपर्यंत पोचून तेथील पांढऱ्या पेशींना रक्तात उतरवतात, असे प्रयोगांत दिसले आहे. त्या पेशी मेलेला भाग साफ करतात. पण हे काम लांबले तर निरोगी स्नायूलाही इजा होते. म्हणून "एक्झोसोम सूज थांबवतात" हे वाक्य "पत्राने आनंद होतो" या वाक्याइतकेच अपुरे आहे.

आता ज्या प्रयोगाचा उल्लेख झाला, त्याकडे पाहू. डुकरांमध्ये झटक्यानंतर हे एक्झोसोम हृदयाच्या रोहिणीतून सोडले, तेव्हा उपयोग झाला नाही. सुईने थेट हृदयाच्या स्नायूत दिले, तेव्हा झाला. हाताच्या शिरेतून दिलेल्या पुटिका, उंदरांवरील अभ्यासांनुसार, मुख्यतः यकृत, प्लीहा आणि फुप्फुसांत जातात. शिवाय तो प्रयोग हृदयाच्या पेशींचा होता आणि आपल्याला देऊ केलेला माल नाळेचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये नेब्रास्कातील रुग्णांना अशा उत्पादनांनंतर गंभीर त्रास झाल्याचे सांगून जाहीर इशारा दिला होता आणि एकाही एक्झोसोम उत्पादनाला मान्यता नसल्याचे त्यात स्पष्ट म्हटले होते. केंद्राकडून केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची मान्यता लेखी मागा. हा वैद्यकीय प्रयोग असेल, तर रुग्णाकडून त्याचे पैसे घेतले जात नाहीत.

तेरणा (धाराशिव) | गुरुवार, सकाळी ७.१०

भाऊ, माझ्या यजमानांच्या बायपासच्या वेळी आम्ही महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो हे आम्हाला उशिरा कळले. आपण शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटलात का? रब्बीचे पैसे मोडू नका.

गोदाकाठ | सकाळी ७.४५

ताई, अँजिओप्लास्टी योजनेतच झाली होती. प्रश्न सलाईनचा आहे.

डॉक्टर साहेब, वय ६३, झटका आला होता, चार महिने झाले. पंपिंग ४५ टक्के आहे. साखर आहे. तंबाखू झटक्यानंतर सोडली. गोळ्या सात आहेत, नावे संध्याकाळी पाहून लिहितो. ताप नव्हता. फक्त दाढ सुजली होती आणि ती काढली, पण तिचा हृदयाशी संबंध नसल्यामुळे लिहिले नव्हते.

मांजरातीर | सकाळी ७.५२

दाढ केव्हा काढली? सीआरपीच्या आधी की नंतर? आणि दाढ काढताना रक्त पातळ ठेवणारी गोळी कोणी थांबवली का? गोळ्यांचा डबा आत्ताच पाहा, संध्याकाळपर्यंत थांबू नका.

गोदाकाठ | सकाळी ८.२०

सीआरपी तपासला तेव्हा गाल सुजलेला होता. दाढ दोन दिवसांनी काढली. दोनपैकी एक गोळी आण्णांनी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून थांबवली होती, रक्त थांबणार नाही या भीतीने. ती अजून सुरू केलेली नाही, हे मला आत्ता कळले. आज नववा दिवस आहे.

मांजरातीर | सकाळी ८.२६

ज्यांनी स्टेंट बसवला, त्या कार्डिओलॉजिस्टना लगेच फोन करून "नऊ दिवसांपासून गोळी बंद आहे" हेच शब्द सांगा आणि ती कशी सुरू करायची ते त्यांच्याकडून घ्या. झटक्यानंतरच्या स्टेंटला या दोन गोळ्या सहसा वर्षभर लागतात. त्या ज्या बिंबिकांना आवरतात, त्यांच्याच पुटिकांविषयी मी रात्री लिहिले होते. छातीत दुखले, घाम आला किंवा दम लागला, तर फोनची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्या.

१८ हा आकडा सुजलेल्या दाढेचा असण्याची शक्यता मोठी आहे. हृदयाच्या जोखमीसाठी उच्च संवेदनशील सीआरपी पाहतात: १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली कमी, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला, की आधी संसर्ग शोधून तो बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचा असतो.

विद्यार्थी_नांदेड | सकाळी ९.१५

सर, डुकरांच्या प्रयोगातील हा फरक मी सेमिनारमध्ये मांडला नव्हता, तो मांडायला हवा होता. दादा, आणखी एक सांगतो. पुटिकांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१८ आणि २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे अशी आहेत की पुटिका पेशीत कोठे तयार झाली हे सिद्ध झाल्याशिवाय तिला "एक्झोसोम" म्हणू नये, "पेशीबाह्य पुटिका" म्हणावे. केंद्राच्या बाटलीत नेमके काय आहे, किती कण आहेत आणि ते कसे वेगळे केले, याचा अहवाल मागून पाहावा.

अर्जुनसाल | सकाळी ९.४०

दाहासाठी दिलेल्या कोणत्या औषधाने माणसांत झटके कमी झाले आहेत का, की तेही सगळे उंदरांतच आहे?

मांजरातीर | दुपारी १.०५

हा प्रश्न रास्त आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांत कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनच्या मधल्या मात्रेने पुढील हृदयघटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या, परंतु जीवघेणे संसर्ग वाढले. गाउटसाठी (सांधे सुजण्याच्या एका आजारासाठी) पूर्वीपासून वापरात असलेल्या कोल्चिसिनच्या अल्प मात्रेचाही उपयोग दिसला आणि २०२३ मध्ये अमेरिकेत तिला हृदयरोगासाठी मान्यता मिळाली. अर्थात मूत्रपिंड आणि इतर गोळ्या पाहिल्याशिवाय तीही घ्यायची नसते. गोदाकाठ, फोन लागला का?

गोदाकाठ | दुपारी २.३०

लागला. त्यांनी गोळी आजच सुरू करायला सांगितली, पहिली मात्रा किती द्यायची तेही सांगितले, आणि उद्या ईसीजीसाठी बोलावले आहे. आम्ही सकाळच्या बसने निघतो. आण्णांना छातीत काही दुखत नाही. केंद्राला मान्यतेचे पत्र मागितले, तेव्हा "आधी नोंदणीची रक्कम भरा, मग दाखवू" असे उत्तर मिळाले. शनिवारी मी तेथे जाणार नाही.

दाढेची जखम अजून ओली आहे. गोळी सुरू केल्यावर त्यातून रक्त आले, तर घरी काय करायचे?

मांजरातीर | दुपारी २.४१

स्वच्छ कापसाची किंवा गॉजची घडी जखमेवर ठेवून वीस मिनिटे सलग दातांनी दाबून धरायला सांगा, मधे उचलून पाहू देऊ नका. चूळ जोरात भरायची नाही. तरीही थांबले नाही, तर दंतवैद्याकडे जा. गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नका.