मदत हवी आहे: अपाची वेब सर्व्हरच्या मॉड्यूलची मेमरी वाढतच जाते, आणि व्हॅलग्राइंड (मेमरी गळती शोधणारं टूल) म्हणतो गळती नाही

नमस्कार मंडळी,

चार दिवस डोकं आपटून झालं, आता इथे विचारतो.

अपाची २.४ साठी सी-मध्ये लिहिलेलं आमचं एक छोटं मॉड्यूल आहे. आलेली विनंती कुठल्या मार्गाची ते ओळखायचं, मागच्या सर्व्हरकडे द्यायची, आणि त्या मार्गाची शेवटची नोंद ठेवायची: कधी आली, किती वेळ लागला, स्टेटस काय. ही नोंद आमच्यापुरत्या एका स्टेटस पानावर दिसते. इव्हेंट एमपीएम (एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालवायची अपाचीची पद्धत), चार चाइल्ड प्रोसेस (विनंत्या हाताळणाऱ्या उप-प्रोसेस).

चाइल्ड सुरू होताना आरएसएस (प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी) ४० एमबीच्या आसपास असते. दुसऱ्या दिवशी २५०, चौथ्या दिवशी ७०० च्या पुढे, आणि मग कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) एकाला उचलतो. रात्री वर्दळ नसते तेव्हा आलेख सपाट, सकाळी पुन्हा चढ. उतार एकदाही नाही.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. एक, सर्व्हर मायनस-एक्स देऊन एकाच प्रोसेसमध्ये व्हॅलग्राइंडखाली चालवला. वीस-तीस पट हळू चालतो, पण चालला. बंद केल्यावर अहवाल: डेफिनिटली लॉस्ट (नक्की हरवलेली मेमरी) शून्य बाइट. दोन, सगळे मॅलॉक-फ्री (मेमरी मागणं आणि परत करणं) हाताने तपासले. मॉड्यूलमध्ये थेट मॅलॉक मुळात दोनच ठिकाणी आहे आणि दोन्हीकडे फ्री आहे. बाकी सगळं एपीआरच्या (अपाचीची सहायक लायब्ररी) पूलमधून, म्हणजे एकत्रच सोडायच्या मेमरीच्या साठ्यातून, घेतो. तीन, नोंदीचं टेबल मोजलं. मार्ग ४०, टेबलात नोंदी ४०. वाढत नाही, म्हणून ते संशयितांच्या यादीतून काढलं.

व्हॅलग्राइंड साफ म्हणतोय आणि मेमरी तर जातेय. नेमकं कुठे बघू?

प्रतिसाद १

मॅक्सकनेक्शन्सपरचाइल्ड (इतकी कनेक्शन झाली की चाइल्ड बदलणारी सेटिंग) १०००० करा आणि झोपा निवांत.

धागाकर्ता

तेवढ्यापुरतं केलंय, आधी डीफॉल्ट शून्य होतं, म्हणजे मर्यादाच नाही. पण हा जुना मॅक्सरिक्वेस्ट्सपरचाइल्डच, नाव २.३.९ पासून बदललं, कारण तो कनेक्शन मोजतो, विनंत्या नाही. आमच्याकडे कीप-अलाइव्हवर एकेका कनेक्शनवर शेकडो विनंत्या येतात, त्यामुळे दहा हजार म्हणजे नक्की किती ते सांगता येत नाही. शिवाय गळक्या बादलीखाली दुसरी बादली ठेवल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद २

ही गळती नसून जीलिबसीचे (लिनक्सची सी-लायब्ररी) अरीना (थ्रेडसाठी राखलेले मेमरीचे भाग) असू शकतात. ६४ बिटवर कोअरच्या आठपट अरीना होऊ शकतात. थ्रेड जास्त असले की तुकडे पडतात आणि फ्री केलेली मेमरीही आरएसएसमध्ये दिसत राहते. मॅलॉक_अरीना_मॅक्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ करून बघा. मी यात एकदा आठवडा घालवलाय, म्हणून आधी हेच सांगतो.

धागाकर्ता

करून बघितलं. सुरुवातीचा आकडा थोडा खाली आला, चढ तसाच.

प्रतिसाद ३

चढ तसाच असेल तर अरीना सोडा. तुकडे पडून वाढलेली मेमरी कुठेतरी जाऊन टेकते. तुमची टेकत नाही आणि रात्री थांबते, म्हणजे ती वेळेबरोबर नाही, विनंत्यांबरोबर वाढतेय. तर मग दर विनंतीला किती वाढते ते मोजा. चाचणी मशीनवर एकच चाइल्ड ठेवा, अपाचीबेंचने (भार टाकणारं टूल) एका मार्गावर लाखभर विनंत्या मारा. आधी-नंतर प्रॉकमधल्या स्टेटस फाइलीतला व्हीएमआरएसएस (म्हणजे आरएसएसच) लिहून घ्या. असं तीन-चार वेळा. पहिली फेरी धरू नका, तेव्हा सगळं गरम होत असतं.

धागाकर्ता

पहिली फेरी सोडून पुढच्या तीन लाखांचे आकडे: ६.२ एमबी, ६.१ एमबी, ६.२ एमबी. इतकं नियमित असेल असं वाटलं नव्हतं.

प्रतिसाद ३

वा, याहून चांगला पुरावा मिळणार नाही. भागाकार करा: एका विनंतीमागे ६४-६५ बाइट. विसरलेला बफर असता तर चार-आठ हजार बाइट गेले असते. कनेक्शन लटकलं असतं तर त्याहून जास्त, आणि इतकं सरळ रेषेत नाही. ६४ बाइट म्हणजे एखादी छोटी स्ट्रिंग. पूल आठच्या पटीत जागा देतो, म्हणजे शेवटच्या शून्यासकट ५७ ते ६४ बाइटची. प्रत्येक विनंतीला नेमकी एकदा बनणारी आणि न मरणारी अशी स्ट्रिंग तुमच्याकडे कुठली?

व्हॅलग्राइंडवर रागावू नका. तो ज्या मेमरीकडे कुणाचाच पॉइंटर उरला नाही तिला हरवलेली म्हणतो. पूलच्या ब्लॉकवर पूलचा पॉइंटर शाबूत असतो, आणि सर्व्हर नीट बंद झाला की पूल सगळं परत करून मोकळा होतो. शेवटच्या क्षणी बघणाऱ्याला घर आवरलेलंच दिसणार. तुम्हाला चालू असतानाचं चित्र हवंय. व्हॅलग्राइंडचंच मॅसिफ हे टूल वापरा, कुणी किती मेमरी घेतली ते दाखवतं. आणि एपीआर पूल-डीबग चालू करून बिल्ड करा, म्हणजे पूलमधून घेतलेला प्रत्येक तुकडा वेगळा मॅलॉक होतो आणि कुणी मागितला ते दिसतं. एरवी पूल मोठे ब्लॉक घेऊन आत वाटतो, आणि ज्याच्या वेळी नवा ब्लॉक लागला त्याच्याच नावावर सगळं खर्ची पडतं.

प्रतिसाद ४

नोंदीच्या टेबलात किंमत (व्हॅल्यू) टाकताना एपीआर_टेबल_सेट वापरता की सेटएन? आणि टेबल कुठल्या पूलवर बनवलंय?

धागाकर्ता

सेट. टेबल चाइल्ड-इनिटमध्ये (चाइल्ड सुरू होताना चालणारं फंक्शन), चाइल्डच्या पूलवर. हात लावताना म्यूटेक्स (एका वेळी एकच थ्रेड आत जाईल असं कुलूप) घेतो. आधी सेटएन होतं. तीन महिन्यांपूर्वी स्टेटस पानावर मधूनच कचरा अक्षरं दिसायला लागली, तेव्हा शोधल्यावर कळलं की सेटएन नुसता पॉइंटर ठेवतो. आमची स्ट्रिंग विनंतीच्या पूलमध्ये होती, विनंती संपली की ती गेली. म्हणून सेट केलं, तो प्रत काढतो. कचरा बंद झाला.

लिहिता लिहिताच लक्षात आलं. अरे देवा.

प्रतिसाद ४

हो, तेच. सेट नवी प्रत टेबलाच्या पूलमध्ये काढतो. आधीच किल्ली (नोंदीचं नाव) असेल तर नोंद तीच राहते, किंमतीचा पॉइंटर नव्या प्रतीकडे वळतो, आणि जुनी प्रत पूलमध्ये तशीच पडून राहते. पूलमधला सुटा तुकडा परत करता येत नाही. पूल रिकामा होतो तो अख्खाच, आणि चाइल्डचा पूल चाइल्डबरोबर. तुम्ही नोंदी मोजल्या, त्या ४० च भरल्या. मागे टाकलेल्या लाखो जुन्या किंमती मोजणार कोण?

धागाकर्ता

मॅसिफही लावला, खात्रीसाठी. सर्वांत मोठा ढीग: आमचं नोंद-फंक्शन, त्यातून टेबल_सेट, त्यातून पीस्ट्रडप (स्ट्रिंगची प्रत काढणारं फंक्शन). नोंदीची स्ट्रिंग मोजली, ५९ अक्षरं. शून्य धरून ६०, पूलमध्ये ६४.

आता दुरुस्ती कशी करू? दर तासाला टेबल नव्या उप-पूलमध्ये बनवून जुना उडवावा असा विचार आहे.

प्रतिसाद ३

चालेल, पण स्ट्रिंग साठवताच कशाला? मार्ग ४० आणि आधीच माहीत आहेत. चाइल्ड-इनिटमध्ये ४० स्ट्रक्टची अॅरे घ्या: वेळ, लागलेला अवधी, स्टेटस, तिन्ही आकडेच. विनंती आली की जागच्या जागी बदला, म्यूटेक्स आहेच. स्ट्रिंग बनवायची ती स्टेटस पान मागितल्यावर, आणि त्या पानाच्या विनंतीच्या पूलमध्ये. पान गेलं की तीही जाईल.

धागाकर्ता

केलं. टेबल काढलं, कोड आधीपेक्षा लहान झाला. तीच चाचणी: पहिल्या लाखाला ०.८ एमबी वाढली, पुढच्या पाच लाखांत जागची हलली नाही. काल रात्री एका चाइल्डवर खऱ्या वर्दळीत टाकलं, सकाळी ४३ एमबी.

प्रतिसाद २

अभिनंदन. एक शंका: ओळखीचा नसलेला मार्ग आला तर त्याची नोंद कुठे जाते? जुन्या टेबलात तिथे नवी किल्ली पडत असणार, म्हणजे कुणी वेडेवाकडे पत्ते मारले तर वेगळीच गळती.

धागाकर्ता

जुन्या कोडमध्येही ते सगळे «इतर» या एकाच किल्लीवर जात होते, आणि ती ४० मध्ये धरलेलीच आहे, म्हणून नोंदी ४० च्या वर गेल्या नाहीत. नव्या अॅरेतही शेवटचं घर त्यांचंच. आत्ताच पुन्हा उघडून बघितलं.