शब्दचर्चा: ‘क्लाउड रॅन’ला ‘मेघ’ म्हणावं का?

म्हापशाहून: मोबाइल टॉवरांवर लेख लिहितोय. ‘क्लाउड रॅन’साठी (रॅन म्हणजे ‘रेडिओ ॲक्सेस नेटवर्क’) ‘मेघाधारित रेडिओ प्रवेश जाळे’ कसं वाटतं?

फोंड्याहून: ‘मेघ’ नको, ‘प्रवेश’ही नको. माझं रोजचं काम टॉवरांच्या फायबरचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘प्रवेश’ म्हटलं की दार आणि तिकीट आठवतं. इथे बोलणं आहे ते कंपनीचं जाळं आणि हातातला फोन यांमधल्या शेवटच्या टप्प्याचं. ‘पोच’ बरा. रेडिओ पोचजाळं.

आता ‘मेघ’. फोटो मेघात ठेवले की ते हैदराबादेत आहेत की सिंगापुरात, आपल्याला काय त्याचं? इथे मात्र अंतरावरच सगळं अडतं. एरवी टॉवरवर अँटेना आणि खाली सिग्नलचा हिशेब करणारी पेटी असते. या पद्धतीत ती पेटी उचलून अनेक टॉवरांसाठी एका खोलीत नेतात. फोरजीत फोनने पाठवलेला डेटा नीट मिळाला की नाही, हे चार मिलिसेकंदांत कळवावं लागतं, आणि त्यातला बहुतेक वेळ हिशेबच खातो. काचेतून प्रकाशाला किलोमीटरमागे पाच मायक्रोसेकंद लागतात. म्हणून खोली साधारण २० किलोमीटरच्या आत हवी. पणजीतून कळंगुट सांभाळता येईल, काणकोण नाही.

मला पोदेराची, म्हणजे आमच्या गोव्यातल्या पाववाल्याची, भट्टी जवळची वाटते. वाड्यावर घरोघर भट्टी नसते. एका भट्टीतले पाव सायकलवरून गरम असतानाच दारात येतात. फायदा तोच. दिवसा पणजीत पाटोवरच्या कचेऱ्यांत गर्दी, रात्री किनाऱ्यावर. तीच यंत्रं दोन्हीकडे पुरतात. दोन टॉवरांच्या हद्दीवर अडकलेल्या फोनला दोघं मिळून सिग्नल देऊ शकतात, कारण दोघांचा हिशेब एकाच खोलीत होतो. टॉवरखालची एसीची खोली गेली की विजेचं बिलही उतरतं.

पण सायकल, म्हणजे टॉवर आणि खोलीमधली फायबर केबल, अडली की अख्खा वाडा उपाशी. आणि ही सायकल भलतीच जड आहे: २० मेगाहर्ट्झचा, दोन अँटेनांचा फोरजी रेडिओ लोकांना फार तर १५० मेगाबिट देतो, तरी जुन्या पद्धतीने त्याचा कच्चा सिग्नल खोलीपर्यंत न्यायला सेकंदाला जवळपास अडीच गिगाबिट लागतात. गेल्या जुलैत रस्ता खणताना आमची एक केबल तुटली आणि अकरा टॉवर एकदम मुके झाले. पावसात ताडपत्रीखाली बसून स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेल्या तंतूंची जोडणी, करत होतो. केसाएवढी दोन टोकं मशीनच्या पडद्यावर समोरासमोर येतात, ठिणगी पडते, जोड होतो. पण ओल्या हाताचा एक थेंब लागला तर पुन्हा सोला, पुन्हा कापा. असे चोवीस जोड. तेवढा वेळ कुणाच्या घरून रुग्णवाहिकेला फोन लागला नसेल, हा विचार अजून सुटत नाही. दोन वेगळ्या रस्त्यांनी केबल नेल्याशिवाय ही पद्धत आणूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मडगावहून: पोदेर पटला! मग ‘सामायिक पोचजाळं’ म्हणूया?

फोंड्याहून: त्याने घोटाळा होईल. दोन कंपन्या एकच टॉवर आणि रेडिओ वापरतात, त्याला ‘सामायिक’ शोभतं. इथे ‘मध्यवर्ती’ म्हणा. चायना मोबाइलच्या २०११च्या श्वेतपत्रिकेत ‘सी-रॅन’मधल्या ‘सी’चे ‘मध्यवर्ती’ आणि ‘क्लाउड’ असे दोन्ही अर्थ आहेत, पण गोष्टी दोन आहेत. पेट्या एका खोलीत मांडल्या तर ते मध्यवर्ती. पेट्या काढून साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने तेच काम केलं, तरच क्लाउड.

म्हापशाहून: आणि ‘फ्रंटहॉल’? ती सायकल?

फोंड्याहून: हो, टॉवर ते खोली ही जोडणी. आम्ही ‘फ्रंटहॉल’च म्हणतो. लेखात ‘टॉवरजोड’ लिहून बघा. फाइव्हजीत थोडा हिशेब टॉवरवरच ठेवतात, त्यामुळे तिच्यावरचं ओझं बरंच हलकं होतं, तेही एका वाक्यात येऊ द्या.